जंताच्या बाटल्या वाटण्याआधी लेंडी तपासा: मराठवाड्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि सर्व पशुधन विकास अधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव.

साहेब, मॅडम,

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पशुसखी म्हणून काम करते. दारात उस्मानाबादी शेळ्या आहेत, परसात कोंबड्या आहेत, आणि वस्तीवरचं आजारी करडू दवाखान्याच्या आधी माझ्याकडे येतं. मृग जवळ आला की जंतनाशकाच्या बाटल्या येतात. गटावर निरोप पडतो, बाया शेळ्या घेऊन समाजमंदिरापाशी जमतात आणि दुपारच्या आत सगळ्यांना पाजून होतं. उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होते. पुढे भाद्रपदात त्यातल्याच काही शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरतं, करडं माना टाकतात, आणि बाया मला विचारतात, "ताई, औषध तर पाजलं होतं ना?"

माझी मागणी एकच आहे. लेंडी न तपासता, वजन न बघता, कळपातल्या प्रत्येक जनावराला एकाच दिवशी एकच औषध पाजणं बंद करा. गरज कुणाला आहे ते आधी बघू, मग औषध देऊ. त्यासाठी लागणारी साधनं फार नाहीत, आणि ती द्यायचा अधिकार तुमच्याकडे आहे.

आमच्या शेळ्यामेंढ्यांना सगळ्यात जास्त मारतो तो चौथ्या पोटात राहणारा, लाल-पांढऱ्या पिळाचा गोल जंत. शास्त्रात त्याला हिमोंकस म्हणतात. दिसायला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, पण जगतो रक्तावर. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घालवतो. पोटात 1,000 जंत असले तर रोजचे 50 मिली झाले. 25 किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास. पुढचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. या जंतानं हगवण लागतेच असंही नाही. लेंडी घट्ट राहते, शेळी चरते, फक्त कळपाच्या मागे पडायला लागते. म्हणून घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत ती पांढरी पडलेली असते.

त्याची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. अंडी लेंडीतून माळावर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यातली अळी तयार होते आणि दवाच्या ओलीनं गवताच्या पात्यावर चढते. शेळीनं ते पातं खाल्लं की तीनेक आठवड्यांत पोटातला नवा जंत अंडी घालू लागतो. औषध पोटातल्या जंताला मारतं, माळावरच्या अळीला नाही. ज्येष्ठात पाजलेलं औषध भाद्रपदापर्यंत का पुरत नाही, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या मोहिमेच्या तारखेत आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय.

वैशाखापासून मृग लागेपर्यंत आमचा माळ भाजून निघालेला असतो. पारा 40 च्या वर, गवताचं नाव नाही, जमिनीला भेगा. अशा जमिनीवर अळ्या टिकत नाहीत. म्हणजे त्या दिवसांत गावातले जवळजवळ सगळे जंत शेळ्यांच्या पोटातच असतात. नेमकं तेव्हा आपण एकूणएक शेळीला औषध पाजतो. मरणारे मरतात. वाचतात ते त्या औषधाला दाद न देणारे. पहिल्या पावसानंतर माळ हिरवा होतो तेव्हा त्यावर अंडी पडतात ती त्या वाचलेल्यांचीच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच निवड. गावाच्या माळावर चिवट जंताचं बियाणं आपण स्वतःच्या हातानं तयार करतोय.

याउलट कळपातल्या धडधाकट, अंगानं भरलेल्या शेळ्यांना औषध न देता तशाच ठेवल्या, तर त्यांच्या पोटातले साधे, औषधानं मरणारे जंत माळावर अंडी टाकत राहतात आणि चिवट जंत त्यांच्या गर्दीत थोडे राहतात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, हे तुमच्या शास्त्रानंच दाखवलंय. त्या थोड्यांना ओळखायचं, औषध द्यायचं, बाकीच्यांना नाही. मला माहीत आहे, फुकट मिळणारं औषध "तुझ्या शेळीला नको" असं एखाद्या बाईला सांगणं सोपं नाही. तिचं सगळं भांडवल त्या चार शेळ्यांत असतं. पण हातात पुरावा असला तर मी सांगू शकते, आणि ती ऐकेल.

तो पुरावा दोन गोष्टींनी मिळतो. पहिली, डोळ्याचा तक्ता. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता आहे. खालची पापणी उघडायची, आतला रंग तक्त्याशी लावून बघायचा. लालबुंद असेल तर 1, पांढरा पडला असेल तर 5. 4 आणि 5 ला औषध द्यायचंच. गाभण, नुकती व्यालेली शेळी किंवा करडू असेल तर 3 लाही. शेळी व्यायच्या सुमाराला तिची जंताशी झुंजायची ताकद कमी होते आणि लेंडीतली अंडी वाढतात, म्हणून तिला वेगळा नियम. उजेडात बघितलं तर एका शेळीला अर्धं मिनिटही लागत नाही. हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे, आणि पापणी पांढरी पडायला चपटे जंत, गोचीड किंवा उपासमारही कारण असू शकते, हे आम्हाला शिकवावं लागेल. ते आम्ही शिकू. प्रत्येक पशुसखीच्या पिशवीत एक तक्ता असावा. तो उन्हात फिका पडतो, म्हणून ठरावीक काळानं नवा मिळावा.

दुसरी गोष्ट लेंडी तपासणी. मीठ विरघळेनासं होईपर्यंत पाण्यात कालवायचं, त्यात मोजून घेतलेली लेंडी चुरायची, गाळायची, मोजणीच्या काचेवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर तरंगलेली अंडी मोजायची. परभणीच्या आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत हे रोज शिकवलं जातं. गावाजवळच्या दवाखान्यात मात्र ते होत नाही. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात मी नमुना घेऊन गेले तेव्हा सूक्ष्मदर्शक होता, पण खोक्यात, आणि तो चालवायला माणूस नव्हता. डॉक्टरांना दोष देत नाही. एकेका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखान्यांचा भार आहे, लसीकरण आहे, ऑनलाइन नोंदी आहेत. म्हणून तर म्हणते, नमुने गोळा करायचं काम आमच्याकडे द्या आणि आठवड्यातला एक दिवस तपासणीला ठरवून द्या. महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी बाहेर पडतातच, त्यांना तालुक्याला बसवा.

औषध लागू पडतंय का, हेही याच काचेवर कळतं. पाजण्याआधी अंडी मोजा, 14 दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर त्या गावात ते औषध संपलं असं समजायला हवं. ही दुसरी मोजणी होत नाही, म्हणून कुठलं औषध कुठल्या तालुक्यात चालतंय हे सांगणारी नोंद आमच्यापर्यंत कधी येत नाही.

"दरवर्षी औषध बदला" असं शिबिरात सांगतात. बायांना ते पाठ आहे. मग त्या दुकानात जाऊन वेगळ्या रंगाची बाटली आणतात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, एकाला जंत दाद देत नसेल तर दुसऱ्यालाही देत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. लेव्हामिसोल वेगळं, आयव्हरमेक्टिन वेगळं, क्लोसँटेल वेगळं. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं आमच्या गावात कोण वाचणार? विभागाकडून येणाऱ्या बाटलीवर तरी मराठीत मोठ्या अक्षरात औषधाचं घराणं, किलोमागे डोस, गाभण जनावराला चालतं का, आणि दिल्यानंतर किती दिवस दूध व मटण खायचं नाही, एवढं छापून घ्या. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला देऊ नये, हे ज्या बाईला माहीत नाही तिचं नुकसान होतं आणि कारण कधीच कळत नाही.

डोसाबद्दलही बोलते. शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीच्या मापानं दिलेला डोस शेळीला बहुतेकदा कमी पडतो. त्यात वजन अंदाजानं. 30 किलोच्या शेळीला 20 किलोची समजून पाजलं की जंत मरत नाही, शहाणा होतो. लेव्हामिसोल जास्त झालं तर शेळीच्या जिवावर बेततं, म्हणून हात आखडता घ्यावा असंही वाटतं. काट्याशिवाय यातून वाट नाही. गावाला एक टांगता काटा आणि झोळी द्या. गाईबैलांसाठी साधी टेप पुरते: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी इंचात, भागिले 660, की किलोत वजन येतं. 60 इंच घेर आणि 50 इंच लांबीची लाल कंधारी गाय सुमारे 270 किलो भरते. हे गणित आमच्या नववीतल्या मुली करतात.

चपट्या जंताचं वेगळं आहे. जायकवाडीच्या कालव्याखालचा भाग, पाझर तलावांच्या कडा, नेहमी ओल असणारे ओढे, जिथं गोगलगाय आहे तिथं यकृतातला चपटा जंत आहे. शेळीला जबड्याखाली सूज यानंही येते. याची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, तळाशी बसवून बघावी लागतात. आणि नेहमीची गोल जंताची औषधं त्यावर पुरेशी चालत नाहीत. पैठणच्या कालव्याकाठच्या म्हशीला आणि भूमच्या बरड माळावरच्या शेळीला एकच बाटली पाठवणं म्हणूनच चुकीचं आहे.

म्हशीच्या रेडकांना तर बाटली येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांच्यातला मोठा गोल जंत आईच्या दुधातून पहिल्या दिवसांतच पोटात जातो. त्यावरचं पिपराझिन हे औषध द्यायची वेळ जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते. ती मोहिमेच्या तारखेवर नाही, रेडकाच्या जन्मतारखेवर ठरते. मराठवाडी म्हशींची रेडकं घरोघरी हगवणीनं जातात आणि "दूध बाधलं" म्हणून विषय संपतो.

आता गोचीड. इथंही तीच चूक आहे: आपण जनावराच्या अंगाकडे बघतो आणि गोठ्याकडे पाठ करतो. अंगावर दिसणारी गोचीड एकूण गोचिडांचा अगदी लहान भाग असते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत, दावणीच्या मातीत 2,000 ते 3,000 अंडी घालते. आमचे गोठे दगडमातीचे, जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. फक्त गाईवर फवारलं तर पंधरा-वीस दिवसांत गोठ्यातली नवी पिल्लं पुन्हा अंगावर. भेगा लिंपणं, चुना मारणं, खालची माती खरवडून जाळणं, अंग आणि गोठा दोन्हींवर एकाच दिवशी औषध आणि ठरल्या दिवशी दुसरी फवारणी, असं साऱ्या गल्लीनं एकदम केलं तरच उतार पडतो. एका घरानं केलं आणि शेजारच्यानं नाही, तर पैसे वाया.

संकरित गाय घेतलेल्या घरांत गोचीड तापानं जे होतं ते बघवत नाही. कर्जाची गाय, तापानं फणफणलेली, खांद्यापुढची गाठ सुजलेली, चार दिवसांत दूध आटतं आणि आठवड्यात गोठा रिकामा. थायलेरिया आणि बबेसिया हे या तापाचे दोन प्रकार. थायलेरियावर ब्युपार्व्हाक्वोन हे औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं, आणि रक्ताची काच बघितल्याशिवाय थायलेरिया की बबेसिया हे नक्की ठरत नाही. बबेसियात लघवी तांबडी-काळी होते, औषध वेगळं लागतं. पुन्हा तोच सूक्ष्मदर्शक. 1962 या नंबरवर फोन केला की फिरतं पथक येतं, ते आमच्यासाठी मोठा आधार आहे. त्या गाडीत काचा आणि सूक्ष्मदर्शक ठेवा.

आणि हे कृपा करून मोहीम समजून हातात घ्या: गोचिडासाठी कापसावरचं औषध वापरणं थांबवणं. आमच्या घराघरांत फवारणीची अर्धी बाटली उरलेली असते, पाठीवरचा पंप असतो, आणि जनावरांचं औषध तालुक्याला मिळतं. माणूस हाताशी आहे ते मारतो. मग जनावर लाळ गाळतं, थरथरतं, पडतं. दोन्हींत नावाला सायपरमेथ्रिन हे एकच कीटकनाशक असलं तरी शेतीच्या बाटलीची तीव्रता वेगळी असते, त्यातलं द्रावणही जनावराच्या कातडीसाठी नसतं. अंगावर उघडी जखम असेल तर आणखी धोका. जनावरांचं गोचीडनाशक मापाच्या झाकणासह गावातच, पशुसखीकडे, पावतीवर मिळालं तर हे बरंचसं थांबेल. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगाव लस मोफत पोहोचली आणि गोठ्यांत फवारण्या झाल्या. विभागानं ठरवलं की किती लवकर होऊ शकतं, ते आम्ही तेव्हा पाहिलंय.

कोंबड्यांचा विषय तुमच्या बैठकीत शेवटी येत असेल. बाईच्या हातात येणारा रोजचा पैसा मात्र अंड्याचाच असतो. आमच्या खुराड्यांत एक चपटी गोचीड राहते. दिवसा फळीच्या फटीत दडते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि पुन्हा फटीत. दिवसा कोंबडी उचलून बघितली तर बहुतेकदा काहीच सापडत नाही, फार तर पंखाखाली बारीक पिल्लं. उपाशीपोटी ती महिनोन्‌महिने जगते, म्हणून खुराडं रिकामं ठेवूनही जात नाही. कोंबड्या सुकत जातात, तुरा पांढरा पडतो, आणि आम्ही "मर आली" म्हणतो. उपाय फळीवर करायचा असतो: उकळतं पाणी, फटींना ज्योत दाखवणं, चुना, आणि शक्य असेल तिथं लाकडाऐवजी पत्रा-जाळीचं खुराडं. पिल्लांची रक्ती हगवण ओल्या तुसात वाढते. तूस कोरडं राहिलं, पाण्याचं भांडं सांडत नसेल, तर निम्मं काम औषधाविना होतं. आणि जंतासाठी पाण्यात घालतात ते पिपराझिन गोल जंतावर चालतं, पट्टकृमीवर, म्हणजे फितीसारख्या लांब जंतावर, नाही, हेही पिल्लं वाटताना सांगितलं जात नाही.

योजनांबद्दलही लिहायलाच हवं. 10 शेळ्या आणि 1 बोकड, किंवा 25 तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) आणि 3 नर, असे गट लाभार्थ्यांना मिळतात. शेळ्या बाजारातून येतात. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो, माळेगावची जत्रा असो, तिथं जिल्ह्याजिल्ह्यांचे जंत आणि गोचीड एकत्र येतात. टोचणी होते, कानात बिल्ला लागतो, विमा उतरतो, आणि शेळी त्याच दिवशी गावच्या माळावर चरायला जाते. दोन-तीन आठवडे वेगळी बांधून, लेंडी तपासून, मगच कळपात मिसळायची अट योजनेतच घाला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही असंच. बीडच्या शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीकडची बैलं आणि शेळ्या दसऱ्यानंतर कारखान्यांवर जातात, तिथल्या तळावर शेकडो जनावरांत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यांची तपासणी जाताना आणि येताना हवी, आणि येताना जास्त काटेकोर. मोहिमेच्या दिवशी ही जनावरं गावात असतातच असं नाही.

कुत्र्यांनाही यातून सोडू नका. धनगरवाड्यावरचं मेंढरू एकाच बाजूला गोल गोल फिरत मरतं, ते कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे मेंदूत झालेल्या फोडानं. कुत्र्याच्याच दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कत्तलीतला कच्चा टाकाऊ भाग कुत्र्यांपुढे न टाकणं आणि राखणीच्या कुत्र्यांना वेळेवर प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध देणं, हे मेंढ्यांच्या कामात धरा.

शेवटचं गायरानाबद्दल. शेळी मुळात झुडपं खाणारं जनावर. बोर, बाभूळ, शेवरीचा पाला ती मान वर करून खाते तेव्हा जमिनीलगतच्या अळ्या तिच्या पोटात कमी जातात, आणि बाभळीसारख्या तुरट पाल्यातल्या टॅनिनचा जंतावरही काही परिणाम होतो. गायरानं आकसली, झुडपं तुटली, आणि शेळी बांधावरचं आखूड गवत खरवडू लागली. झाडं लावायच्या प्रत्येक योजनेत शेळीच्या चाऱ्याची झुडपं धरा, असं वन आणि ग्रामविकास विभागाला तुम्ही सांगितलं तर त्याला वजन येईल. तोवर दव उतरल्यावर कळप सोडा आणि चराईची जागा बदलत राहा, एवढं आम्ही घराघरांत सांगतो आहोत.

यंदाच्या मृगाआधी सगळीकडे हे होणार नाही, ते मला समजतं. प्रत्येक जिल्ह्यात एक तालुका घ्या. तिथं औषध पाजण्याआधी आणि 14 दिवसांनी लेंडी तपासा, पापण्या बघा, काटा लावा, आणि आलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आमच्या तालुक्यासाठी आम्ही पशुसख्या नमुने गोळा करायला तयार आहोत: ताजी लेंडी, स्वच्छ पिशवीत, शेळीच्या बिल्ल्याचा नंबर टाकून, त्याच दिवशी. नमुने कुठल्या वारी आणि कुणाकडे द्यायचे, तेवढं कळवा.

आपली,
एक पशुसखी,
बालाघाट डोंगरपट्टा, जि. धाराशिव